सोमिलमारी

पूर्वी विदेह देशात विजितसेन नावाचा राजा मिथिलेत राहून राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव सोमिल असे ठेवले. वयात आल्यावर तो तक्षशिलेस गेला, सात वर्षे गुरूच्या घरी पाणी भरून विद्या शिकला आणि परत आला. राजवाड्यातून त्याला बोलावणे होते, पण तो नगरात राहिला नाही. मिथिलेपासून तीन दिवसांच्या वाटेवर बकताल नावाचे मोठे पाणथळ होते आणि त्याच्या काठी कुमुदग्राम नावाचे गाव होते. तिथे वैद्य नव्हता, म्हणून सोमिल तिथे जाऊन राहिला.

बकतालाच्या काठचे लोक पाण्यावरच जगत. शिंगाडे काढावेत, मासे धरावेत, कमळाचे कंद उपटावेत, लव्हाळ्याच्या चटया विणून नगरात पाठवाव्यात, असे त्यांचे चाले. चिखलात सतत पाय असल्यामुळे त्यांना जखमा होत, ताप येत, साप चावत. सोमिल ज्याच्या त्याच्या घरी स्वतः जाई. रोगी बरा होईपर्यंत त्याच्या उशाशी बसे. थोड्याच वर्षांत त्याचे नाव काठावरच्या सगळ्या गावांत पसरले. बाळंतिणी सुटल्या की मुलाला त्याचे नाव देत. एक वेळ अशी आली की आसपासच्या चार गावांत मिळून सोमिल नावाचे चौदा मुलगे होते, आणि एखाद्या आईने अंगणातून हाक मारली की तीन घरांतून ओ येई. वैद्य हे ऐके आणि हसे. त्याला ते आवडत असे.

आता त्या पाणथळाच्या कडेला एक वनस्पती उगवत असे. ती कमरेएवढी वाढे. तिची दांडी पोकळ, पाने कोथिंबिरीच्या पानांसारखी कातरलेली, आणि फुले पांढरी, बारीक, छत्रीसारखी पसरलेली असत. तिची मुळे चिखलात पाच-सहाच्या झुबक्याने राहत. धुतली की ती तान्ह्या बाळाच्या बोटांसारखी गोरी आणि गुबगुबीत दिसत. त्यांना गोडसर वास येई. म्हणून लोक तिला गोडबोटी म्हणत. हे नाव त्यांचे फार लाडके होते. आया तान्ह्या मुलींनाही लाडाने गोडबोटी म्हणत आणि त्यांची बोटे ओठांनी चावत.

चांगल्या वर्षी ही वनस्पती पाण्यातच असे आणि तिच्याकडे कोणी जात नसे. पण पावसाने ओढ दिली की पाणी मागे हटे, कमळकंद संपत, आणि गोडबोटी हाताशी येई. मग भुकेली माणसे ती उपटून खात. काहींना नुसती ओकारी होई. काहींना काहीच होत नसे, कारण जुन्या, पाण्याने फिकट झालेल्या मुळात जोर नसे. पण उन्हाळ्याच्या अखेरीस तिला नवी पालवी फुटत असताना जे खात, त्यांची दातखीळ बसे, अंगाला झटके येत, तोंडाला फेस येई, आणि जेवण झाल्यापासून दुसरा प्रहर ते पाहत नसत. लोक म्हणत, पाणथळाची यक्षी कोपली. ते यक्षीला लाह्या आणि फुले वाहत आणि पुन्हा चिखलात उतरत.

सोमिल तिथे आला त्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात अशी पाच माणसे मेली. प्रत्येकाजवळ तो होता. त्याने गेळफळाचा काढा देऊन ओकवण्याचा प्रयत्न केला, पण दात उघडत नव्हते. त्याच आठवड्यात एका म्हशीचे पारडू काठावर झटके येऊन मेले. सोमिलाने त्याच्या जबड्यातून अर्धवट चावलेले मूळ काढले. घरी आणून ते उभे चिरले. आत खणाखणांची पोकळी होती आणि प्रत्येक खणाच्या कडेने पिवळसर चीक पाझरत होता. त्याने त्याचा कणभर भाग जिभेच्या टोकावर ठेवला आणि लगेच थुंकून टाकला. जीभ दिवसभर बधिर राहिली.

त्या दिवशी तो बकतालाच्या काठावर गेला, ओंजळभर पाणी हातात घेतले आणि मनाशी म्हणाला, "या मुळाने या काठावर कोणी मरू नये. हे होईपर्यंत मी हे काम सोडणार नाही. यासाठी जे द्यावे लागेल ते देईन." मग त्याने पाणी सोडले आणि कामाला लागला.

त्याने गावोगाव जाऊन सांगितले. लोकांनी माना डोलावल्या, कारण सांगणारा सोमिल होता. पुढच्या कोरड्या वर्षी त्यांनीच पुन्हा ती मुळे शिजवली. एका म्हातारीला त्याने विचारले, "आजी, मी सांगितलं होतं ना?"

म्हातारी म्हणाली, "सांगितलं होतंस रे बाबा. पण माझ्या सासूनं खाल्ली, मी खाल्ली, आम्हांला काय झालं? आणि जिचं नाव गोडबोटी, ती कुठं जीव घेते? तू शिकलेला आहेस, पण पाणथळ आम्ही तुझ्याआधी पाहिलंय."

मग सोमिलाने विचार केला की नावच बदलावे. तो तिला विषबोटी म्हणू लागला. लोक त्याच्यासमोर विषबोटी म्हणत आणि तो वळला की गोडबोटी म्हणत. मुलांनी तर त्याचा खेळच केला. त्याने जिथे ती उगवे तिथे काठ्या रोवून त्यांना तांबड्या चिंध्या बांधल्या. हिवाळ्यात लोकांनी काठ्या जळणाला नेल्या. त्याने स्वतः चिखलात उतरून झाडे उपटायला सुरुवात केली. एका बाजूची उपटून होईपर्यंत दुसऱ्या बाजूला नवी उगवत, आणि राहिलेल्या मुळाच्या तुकड्यातूनही रोप येई. त्याच्या पायांना कायमच्या भेगा पडल्या. मुळांची एक सुकलेली माळ त्याने आपल्या ओसरीवर टांगली होती. जो येई त्याला तो ती दाखवी, एक मूळ चिरी, आतले खण दाखवी. लोक पाहत, आणि विसरत.

अशी बारा वर्षे गेली. बारा वर्षांत एकवीस माणसे मेली. सोमिलाचे केस पिकू लागले, पण पाणी सोडून केलेला निश्चय त्याने सोडला नाही.

तेराव्या वर्षी पाऊस आलाच नाही. पुढच्या वैशाखात बकतालाचे पाणी एवढे आटले की मधल्या बेटावर माणसे चालत जाऊ लागली. त्या दिवसांत कुमुदग्रामाचा प्रमुख, ग्रामणी कुंडल, याचा धाकटा भाऊ नंदिय तापाने आजारी पडला. कुंडल कडक माणूस होता, पण भावाला त्याने बापासारखे वाढवले होते. सोमिल रोज नंदियाकडे जाई. नवव्या दिवशी ताप उतरला. सोमिलाने सकाळी त्याला गुळवेलीचा काढा पाजला आणि त्याची बायको शामा हिला म्हणाला, "आता भीती नाही. आज पातळ पेज दे."

घरात पेजेला तांदूळ नव्हते. शामाने शेजारी विचारले, तिथेही नव्हते. नऊ दिवसांनी नवऱ्याला भूक लागली होती आणि तो तोंडाने मागत होता. ती काठावर गेली, कोवळी पालवी फुटलेली मुळे उपटली, धुतली, शिजवून कुस्करली आणि आपल्या हाताने त्याला भरवली. "गोड आहे," तो म्हणाला. दुपार कलण्याच्या आत तो गेला.

सोमिल धावत आला तेव्हा अंगणात गाव जमले होते. आत चुलीजवळ मडके होते, मडक्याच्या तळाशी पांढरी मुळे होती. सोमिलाने ती पाहिली. मग त्याने भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या शामाकडे पाहिले. तिने पदर तोंडात कोंबला होता. तिलाही आता कळले होते.

कुंडल हातात कोयता घेऊन दारात उभा राहिला. "वैद्या, सकाळी माझ्या भावाला काय पाजलंस?"

"गुळवेलीचा काढा."

"मग तो मेला कशानं?"

सोमिल कधी खोटे बोलत नसे. तो म्हणाला, "गोडबोटीच्या मुळानं."

अंगणात गलबला झाला. कुंडल म्हणाला, "ते मूळ तुझ्या ओसरीवर टांगलेलं असतं. सगळ्या गावानं पाहिलंय. खरं की नाही?"

"खरं आहे."

"मग ते माझ्या भावाच्या पोटात कसं गेलं?"

सोमिलाने कोयत्याकडे पाहिले आणि शामाकडे पाहिले नाही. तो म्हणाला, "कुंडला, नंदिय माझा रोगी होता. त्याच्या पोटात काय जातं हे पाहणं माझं काम होतं. पेज दे म्हणालो, पण घरात तांदूळ आहेत का, हे मी विचारलं नाही. मी चुकलो."

लोकांनी शेवटचे दोन शब्दच ऐकले. कोणी ओरडले, "कबूल केलं! काढ्यात मूळ घातलं!" कोणी म्हणाले, "बारा वर्षं ते मूळ का जपून ठेवलं होतं, ते आता कळलं." कोणीतरी पहिला दगड मारला. तो त्याच्या कानाजवळ लागला. कुंडलाने कोयता उचलला होता, पण ज्या माणसाने आपल्या आईला मरणाच्या दारातून परत आणले होते त्याच्यावर तो चालवणे त्याला जमले नाही. त्याने कोयता खाली टाकला आणि म्हणाला, "चालता हो. या काठावर पुन्हा दिसलास तर माझा हात थांबणार नाही."

सोमिल कुमुदग्राम सोडून गेला. लोकांनी त्याची ओसरी जाळली. माळेतली मुळे काठीने दूर लोटताना एक बाई म्हणाली, "हात लावू नका. सोमिलमारी आहे ती." आणि ते नाव त्याच दिवशी गावात राहिले. चार दिवसांत ते काठावरच्या साऱ्या गावांत पोचले. चौदा मुलग्यांच्या आईबापांनी मुलांची नावे बदलली.

सोमिल बकतालाच्या पलीकडच्या तीरावर, पाणकणसांच्या गर्दीत एक झोपडी बांधून राहिला. सुरुवातीला त्याच्या मनात एकच विचार होता. जमाव शांत झाला की परत जावे, चार शहाण्या माणसांना बसवून सारे नीट समजावे. शामाला धक्का न लागता ते कसे सांगता येईल, याची वाक्येही त्याने मनात जुळवली. त्याला वाईट वाटत होते. विशेषतः मुलांची नावे बदलल्याचे एका कोळ्याकडून कळले तेव्हा तो त्या दिवशी जेवला नाही.

पण तो रोज काठावर बसून पाहत होता. दुष्काळ वाढत चालला होता. माणसे बेटांवर येत, वाळके शिंगाडे उकरत, लव्हाळ्याचे कोंब चघळत. गोडबोटी त्यांच्या गुडघ्यांना लागत होती. तिच्याजवळ आली की बायका मुलांचा हात घट्ट धरत आणि वळसा घालून जात. एकदा एक माणूस, पोट पाठीला लागलेला, त्या झुबक्याजवळ खूप वेळ उभा राहिला. सोमिल उठून ओरडणार होता. तेवढ्यात त्या माणसाच्या सोबत्याने हाक मारली, "अरे, सोमिलमारी आहे ती! मरायचंय का?" माणूस दचकून मागे सरला, थुंकला आणि निघून गेला.

आषाढात पाऊस आला. सोमिलाने येणाऱ्याजाणाऱ्या कोळ्यांना विचारून विचारून खात्री करून घेतली. एवढ्या मोठ्या दुष्काळात नंदियानंतर त्या मुळाने एकही माणूस मेला नव्हता.

बारा वर्षे त्याने सांगितले, दाखवले, उपटले, आणि जे झाले नाही ते या एका नावाने एका उन्हाळ्यात केले होते. सोमिलाने जुळवून ठेवलेली वाक्ये मनातून काढून टाकली. पाणी हातात घेऊन आपण काय म्हणालो होतो ते त्याला स्पष्ट आठवत होते. जे द्यावे लागेल ते देईन, असे तो म्हणाला होता. काय द्यावे लागेल हे त्या दिवशी ठाऊक नव्हते, आता कळले होते.

इकडे शामाला घरात राहवेना. तिच्यामुळे एक निरपराध माणूस खुनी ठरला होता. तिने कुंडलाला सांगण्याचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तिचा धीर सुटला. शेवटी ती एकटी तीन दिवस चालत मिथिलेला गेली आणि राजद्वारी उभी राहिली. राजा विजितसेन तेव्हा फिर्यादी ऐकत होता. ती म्हणाली, "महाराज, माझ्या नवऱ्याला मी मारलं. मला माहीत नव्हतं. आणि नाव दुसऱ्याचं झालं." मग तिने सारे सांगितले.

राजाने दूत पाठवून सोमिलाला आणवले, कुंडलालाही आणवले. कुंडलासमोर शामाने पुन्हा सगळे सांगितले. कुंडल जमिनीवर बसला आणि त्याने आपल्या दोन्ही हातांनी तोंड झाकले.

राजा म्हणाला, "सोमिला, या ग्रामणीनं न्याय न करता तुला हाकललं. त्याला मी दंड करीन. या बाईचा विचार तू सांगशील तसा करीन. आणि उद्यापासून माझे लोक बकतालाच्या प्रत्येक गावात दवंडी देतील की सोमिल वैद्य निर्दोष आहे, त्याचं नाव त्या वनस्पतीला कोणी देऊ नये."

सोमिल म्हणाला, "महाराज, या बाईनं भुकेल्या माणसाला गोड समजून घास दिला. तिला त्या मुळाच्या नावानं फसवलं. तिला शिक्षा नको. कुंडलाचा भाऊ डोळ्यांदेखत गेला, त्यालाही नको. आणि दवंडी देऊ नका."

"का?"

"दवंडी ऐकून लोक म्हणतील, म्हणजे ती मुळं वाईट नव्हती तर. आणि पुढच्या कोरड्या वर्षी खातील."

राजा म्हणाला, "मग मी दवंडीत दोन्ही सांगतो. वैद्य निर्दोष आणि वनस्पती विषारी. खाणाऱ्याला शिक्षाही ठेवतो."

"महाराज, मी बारा वर्षं तेच सांगत होतो. लोकांचं माझ्यावर प्रेम होतं तरी त्यांनी ऐकलं नाही. तुमचे दूत परत मिथिलेला येतील. भूक तिथंच राहील. भुकेल्या माणसाला हुकूम आठवत नाही. पण ज्या वैद्यावर सगळ्यांनी जीव टाकला त्यानं या मुळानं माणूस मारला, ही गोष्ट त्यांना आठवते. अंगावर काटा येतो आणि हात मागं येतो. तो काटा तुम्ही काढू नका."

राजा म्हणाला, "मी राजा आहे. माझ्या राज्यात खोटं नाव चालू राहू देऊ?"

"महाराज, कोणी विचारलं तर खरं सांगा. मीही सांगेन. शामाही सांगेल. खोटं बोलायला मी कोणाला सांगत नाही, आणि स्वतःही बोलणार नाही. एवढंच मागतो की कोणी न विचारता घरोघर जाऊन माझं नाव धुऊ नका."

"तुला दुःख होत नाही?"

सोमिल म्हणाला, "होतं. माझ्या नावाची मुलं होती तिथं. त्यांना हाका मारलेल्या ऐकायला मला आवडायचं. पण त्यांतली चौदाही या उन्हाळ्यात जगली, महाराज. नाव बदललेली, पण जगली."

राजाने आसनावरून उठून त्याला नमस्कार केला. त्याने दवंडी दिली नाही. सोमिलाला त्याने मिथिलेत घर देऊ केले, ते सोमिलाने घेतले नाही.

कुंडल बाहेर आल्यावर त्याच्या पाया पडला. "वैद्यराज, आता मी गावात जाऊन काय तोंडानं बोलू?"

"पूर्वी जसं बोलत होतास तसंच बोल. तिला सोमिलमारीच म्हण. तू ग्रामणी आहेस, तू म्हणालास तर सगळे म्हणतील."

कुंडलाने ते मान्य केले. पण पुढे आयुष्यभर ते नाव उच्चारताना त्याचा आवाज खाली जात असे, आणि गावाला वाटे की भावाच्या आठवणीने जातो. शामा परत गेली आणि तिने काठावरच्या बायकांना कमळकंद आणि सोमिलमारी यांतला फरक शिकवायला सुरुवात केली. कमळकंद आडवा कापला की भोके दिसतात. हिचे मूळ उभे चिरले की खण दिसतात आणि पिवळा चीक येतो. एवढेच ती शिकवी, पण प्रत्येक नव्या सुनेला शिकवी. तिला कोणी काही विचारले नाही. जे आपल्याला ठाऊकच आहे असे लोकांना वाटते, ते कोणी विचारीत नाही.

पण बकताल एकटेच नव्हते. विदेहाच्या पूर्वेला आणि उत्तरेला अशी पुष्कळ पाणथळे होती, आणि त्यांच्या काठांवर ती वनस्पती निरनिराळ्या गोड नावांनी उगवत होती. कुठे तिला दूधकांडी म्हणत, कुठे राणीचा कंद. सोमिलाने झोळी घेतली, एक चिरलेले मूळ पानात गुंडाळून त्यात ठेवले आणि तो चालू लागला. तो गावात जाई, झाडाखाली बसे, आजाऱ्यांना पाहून औषध देई, आणि मग ते मूळ काढून म्हणे, "इथून लांब बकताल आहे. तिथले लोक हिला सोमिलमारी म्हणतात. तिथं एक वैद्य होता. त्याच्या हाती असलेला रोगी या मुळानं मेला, आणि लोकांनी त्याला दगड मारून घालवून दिला." यात एकही शब्द खोटा नव्हता.

लोक विचारत, "कसला होता हो तो मेला?"

"होता साधाच. माझ्याएवढा."

लोक त्या वैद्याला शिव्या देत. काही जण जमिनीवर थुंकत. सोमिल त्यांच्यासमोर बसून ते ऐके, मग मूळ पानात गुंडाळी आणि पुढच्या गावाला निघे. काही गावांत त्याला दोनदा जावे लागले, काही गावांत पाच वेळा. पावसाळ्यात वाटा बुडत तेव्हा तो होडीतून जाई. पाय साथ देईनात तेव्हा काठी घेऊन जाई. अशी आणखी एकोणीस वर्षे त्याने काढली. दूधकांडी हे नाव लोपले, राणीचा कंद हेही लोपले.

अखेरच्या वर्षांत तो उत्तरेकडच्या एका तळ्याच्या काठी पोचला. तिथे तो पूर्वी कधी आला नव्हता. तो तळ्याच्या पायरीवर दम खात बसला होता. पलीकडे एक बाई लव्हाळे कापीत होती, आणि तिची चार-पाच वर्षांची मुलगी चिखलात खेळत होती. मुलीने एक झुबका उपटला, पाण्यात धुतला, आणि त्या गोऱ्या मुळांकडे पाहून खूश होऊन एक मूळ तोंडाकडे नेले.

सोमिल उठला, पण त्याला पळवेना. तोंडातून आवाज निघण्याच्या आत बाईने विळा टाकून झेप घेतली, मुलीच्या हातावर चापट मारली आणि ओरडली, "टाक! सोमिलमारी आहे ती, टाक!" मूळ पाण्यात पडले. मुलगी भोकाड पसरून रडू लागली. बाईने तिच्या तोंडात बोट घालून पुन्हा पुन्हा तपासले, तिचे हात घासून धुतले आणि तिला कडेवर घेऊन स्वतःही रडली.

सोमिल पायरीवर बसला. तो इथे आला नव्हता. नाव त्याच्या आधी आले होते.

थोड्या वेळाने बाईचे लक्ष त्याच्याकडे गेले. तिने पानाच्या द्रोणातून त्याला पाणी आणून दिले आणि म्हणाली, "बाबा, उन्हातून आलात. कोण तुम्ही? नाव काय तुमचं?"

म्हातारा पाणी प्याला. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "होतं एक नाव, बाळे. ते मी एका कामाला देऊन टाकलं."

बाईला त्याचा अर्थ कळला नाही. तिला वाटले, म्हातारा संन्यासी असेल. तिने त्याला नमस्कार केला, मुलीला कडेवर घेतले आणि लव्हाळ्याची मोळी डोक्यावर ठेवून ती घराकडे गेली.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, श्रावस्तीत, जेतवन विहारात सांगितली. एका भिक्षूवर कोणीतरी खोटा आळ घेतला होता, आणि तो भिक्षू पात्र-चीवर ठेवून, संघ सोडून निघून जाण्याच्या विचारात होता. "माझं नाव गेलं, आता इथं राहून काय करू?" असे तो म्हणत होता. शास्त्याने त्याला जवळ बसवून हे पूर्वजन्मीचे वृत्त ऐकवले आणि शेवटी म्हणाला, "त्या वेळचा राजा विजितसेन म्हणजे आताचा माझा शिष्य आनंद. शामा म्हणजे वेशीबाहेर आजाऱ्यांना पेज नेऊन देणारी उपासिका वसुला. सोमिल वैद्य मीच होतो. आणि ग्रामणी कुंडल, भिक्षू, तो तू होतास. तेव्हा तू माझे नाव हिरावून घेतलेस, आणि नंतर ते जन्मभर सांभाळलेस."

तो भिक्षू उठला आणि पात्र घेऊन भिक्षेला गेला, ज्या गल्लीत त्याच्यावर आळ आला होता त्याच गल्लीत.

लोकांच्या हितासाठी एकदा जे ठरवले, त्यापासून मान गेला तरी न ढळणे, याला शास्त्याने अधिष्ठान म्हटले आहे.